वावरात रेंज, मग ६जी: विदर्भातल्या गावांनी पुढच्या पिढीच्या नेटवर्ककडून काय मागावं?

धुरकरी

मंडळी, ६जीबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: सिनेमा किती सेकंदांत डाउनलोड होईल. यवतमाळच्या केळापूर-झरीजामणी पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला त्या आकड्याचा काही उपयोग नाही. पुढच्या पिढीचं नेटवर्क कोण ठरवतंय, कसं ठरतंय आणि आपल्या पांगलेल्या गावांच्या पदरात त्यातलं काय पडेल, यावर नीट बोलावं म्हणून हा धागा काढतोय. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो, आता घरची शेती बघतो. त्यामुळे दोन्ही बाजू मला जवळच्या आहेत.

आधी काम कुठवर आलंय ते सांगतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजे आयटीयूने, नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘आयएमटी-२०३०’ ची चौकट मंजूर केली. ६जीचं कागदोपत्री नाव हेच. तिच्यात सहा प्रकारचे उपयोग धरलेत. तीन ५जीमधलेच वाढवलेले आहेत: जास्त वेग, जास्त भरवसा, जास्त यंत्रं. उरलेले तीन नवे: सर्वदूर जोडणी, नेटवर्कमध्येच बसवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि लहरींच्या साहाय्याने आजूबाजूचं टिपणारं नेटवर्क. सर्वदूर जोडणीचा मुद्दा भारताने लावून धरला होता, असं आपल्या दूरसंचार विभागाने जाहीरपणे सांगितलं आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘भारत ६जी’ चा दृष्टिकोन दस्तऐवज काढला, त्याच वर्षी जुलैमध्ये भारत ६जी अलायन्स उभी राहिली.

चौकट म्हणजे नियम नव्हेत. नियम थ्रीजीपीपी नावाची संस्था लिहिते. तिची ६जीवरची पहिली मोठी कार्यशाळा मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉनला झाली. रिलीज म्हणजे तिच्या नियमांची आवृत्ती. रिलीज २० मध्ये अभ्यास, रिलीज २१ मध्ये प्रत्यक्ष नियम, आणि २०३० च्या सुमारास सेवा, असा साधारण क्रम आहे. म्हणजे जे ठरायचं ते या मधल्या वर्षांतच ठरणार. एकदा चिप तयार होऊन फोनमध्ये बसली की मग आपण कितीही ओरडलो तरी दहा वर्षं काही बदलत नाही.

आता खरी अडचण. २०२७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मोबाईलसाठी ज्या नव्या पट्ट्यांचा विचार व्हायचा आहे, त्या ४.४ ते ४.८, ७.१२५ ते ८.४ आणि १४.८ ते १५.३५ गिगाहर्ट्झ अशा आहेत. शहरासाठी उत्तम, कारण तिथे रुंद पट्टा मिळतो. पण वारंवारता दहापट झाली की साध्या अँटेनाला तेवढ्याच अंतरावर शंभरावा हिस्सा शक्ती मिळते. ७०० मेगाहर्ट्झवरून ७ गिगाहर्ट्झवर जायचं म्हणजे नेमकं हेच. टॉवरवर शेकडो बारीक अँटेना लावून झोत एका दिशेला वळवता येतो आणि बरीचशी भरपाई होते. तरी मधे सागाचं जंगल असेल, त्यातही पावसाने भिजलेली पानं असतील, तर ती भरपाई तिथेच संपते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ६जी आपल्याकडे आणायचंच असेल तर ६०० आणि ७०० मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यांवर आणा, पांगलेल्या वस्तीचा विचार नियमांतच करा, आणि टॉवर वीज नसताना किती तास चालतो हेही सेवेच्या दर्जात मोजा. नुसता वेग मोजून आमचं भागत नाही.

तुमच्या गावात काय स्थिती आहे, काय हवंय, मोकळेपणाने लिहा.

---

जागल्या

धुरकरी भाऊ, तुमचं सगळं पटते. पण मले एक सांगा, आमच्या गावात ४जीच धड नाही तं ६जीची गोष्ट कायले करायची? गावात पारावर दोन कांड्या दिसते. वावरात गेलं का ‘सेवा नाही’. रात्री जागलीले गेलो, रोह्यांचा कळप पऱ्हाटीत शिरला, शेजारच्याले बलवाचं म्हटलं तं फोनच लागत नाही. आता कापूस सीसीआयले, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाले, विकाचा तं ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी, पीक पाहणी करायची तं वावरात उभं राहून फोटो. सरकारनं सगळं फोनवर आणलं अन् फोन वावरात चालत नाही. पयले हे करा म्हणाव.

---

मूळ_आर्वीचा

जागल्यादादा, तुमच्या या एका तक्रारीत फार मोठा तांत्रिक मुद्दा आहे. मी पुण्यात याच क्षेत्रात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोनवर दोन कांड्या दिसतात, तरी फोटो चढत नाही. असं का होतं? त्या कांड्या टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या लहरींच्या आहेत. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहूनही जास्त ताकदीने बोलतो. तुमचा फोन साधारण पाव वॅटच्याही खाली, म्हणजे २०० मिलिवॅटने. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत पोहोचतो, तुमचा आवाज टॉवरपर्यंत पोहोचत नाही. व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ अडखळत का होईना दिसतो आणि ई-पीक पाहणीचा फोटो गोल गोल फिरत राहतो, त्याचं कारण हे. शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथे हा फरक कळतच नाही.

आणि हा प्रश्न भारताने जगापुढे मांडलेला आहे, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. ५जीचे निकष ठरत होते तेव्हा ग्रामीण चाचणीत दोन टॉवरांमधलं अंतर युरोप-अमेरिकेच्या सोयीने धरलं जात होतं. आपल्या लोकांनी सांगितलं, आमच्याकडे फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येतं, टॉवर तिथेच उभा राहणार, आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या त्याच टॉवरवर जगणार. माणसं चालत किंवा सायकलवर आहेत, ताशी ५०० किलोमीटरच्या रेल्वेत नाहीत. तेव्हा कमी वेगाची हालचाल आणि मोठं क्षेत्र अशी वेगळी चाचणी ठेवा, टॉवरांमधलं अंतर ६ किलोमीटर धरा. २०१७ मध्ये आयटीयूने ते मान्य केलं. त्यावर आयआयटी मद्रास, तिथलंच सेविट हे वायरलेस संशोधन केंद्र आणि आयआयटी हैदराबाद यांनी मिळून ‘५जीआय’ हे तंत्र बनवलं. त्यातली मुख्य युक्ती अशी की फोनने पाठवायच्या लहरींचा आकार असा ठेवायचा की तोच स्वस्त फोन जास्त ताकदीने बोलू शकेल. २०२१ मध्ये आयटीयूने ५जीआयला मान्यता दिली, आणि पुढे थ्रीजीपीपीच्या रिलीज १७ मध्ये ते जागतिक नियमांतच विलीन झालं.

नियमात असणं आणि तुमच्या खिशातल्या फोनमध्ये असणं यात मात्र फरक आहे. त्यातल्या कित्येक गोष्टी ऐच्छिक राहतात, आणि ऐच्छिक गोष्ट चिप बनवणारा गिऱ्हाईक मागत नाही तोवर घालत नाही. म्हणून ६जीच्या वेळी मागणी ही असायला हवी की मोठ्या क्षेत्रात फोनकडून टॉवरकडे जाणारा मार्ग पहिल्या आवृत्तीतच सक्तीचा असावा.

---

मोर्शीवाली

खूप दिवसांनी या विषयावर कामाचं वाचायला मिळालं. मला त्या आजूबाजूचं टिपणाऱ्या नेटवर्कबद्दल विचारायचं आहे. आमच्या वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा फळपीक विमा हवामानावर चालतो. महसूल मंडळात जे स्वयंचलित हवामान केंद्र आहे त्याच्या आकड्यावर ट्रिगर, म्हणजे भरपाई सुरू होण्याची अट, लागतो. केंद्र एकीकडे आणि आमची बाग दुसरीकडे, मधे सहज आठ-दहा किलोमीटर. आपल्याकडचा पाऊस तर रस्त्याच्या एका बाजूला धो धो आणि दुसऱ्या बाजूला कोरडा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आंबिया बहाराच्या वेळी तिथे नोंद झाली नाही की इथे फळ गळून खच पडला तरी कागदावर काही झालेलंच नसतं. अतिवृष्टीच्या मदतीचंही तसंच, मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरचा आकडा गाठला तर पुढची चर्चा. टॉवर पाऊस मोजू शकतो असं मी कुठेतरी ऐकलं होतं. ते खरं आहे का?

---

धुरकरी

ताई, खरं आहे. या सगळ्या विषयात मला सगळ्यात जास्त आशा ज्या गोष्टीची वाटते ती तुम्हीच काढलीत.

त्यासाठी ६जीची वाट बघायचीही गरज नाही. दोन टॉवर एकमेकांशी मायक्रोवेव्हने बोलतात. वर गोल ढोलासारख्या दिसतात ना, त्या डिशा त्यासाठीच असतात. मधे पाऊस पडला की लहरी क्षीण होतात, आणि पाऊस जितका जोराचा तितकी घट जास्त. ही घट कंपनीच्या यंत्रणेत आपोआप नोंदली जातेच, कारण तिला दोन टॉवरांमधला हा दुवा सांभाळायचा असतो. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की याच नोंदींवरून पाऊस काढता येतो. नेदरलँड्समध्ये २०१३ मध्ये अशाच दुव्यांवरून अख्ख्या देशाचा पावसाचा नकाशा काढून दाखवला गेला. नवं यंत्र एकही बसवलं नाही.

आता आपल्याकडचा विचार करा. एका मंडळात हवामान केंद्र एक. पण त्याच मंडळात टॉवर कितीतरी, आणि त्यांना जोडणारे दुवे शेतांवरूनच गेलेले. प्रत्येक दुवा म्हणजे जमिनीवर आडवं ताणलेलं एक पर्जन्यमापक. तुमच्या बागेवरून एखादा दुवा जात असेल तर बागेवर पाऊस पडला की नाही याचा पुरावा आजही कुणाच्या तरी संगणकात पडून आहे. तो शेतकऱ्याला मिळत नाही एवढंच.

६जीमध्ये हे काम बाजूचं न राहता नेटवर्कचं अधिकृत कामच होणार आहे. टॉवर आपल्याच लहरींचा प्रतिध्वनी ऐकून पाऊस, हलणारी वस्तू, जनावर हे ओळखू शकेल, असं आयएमटी-२०३० मध्ये धरलेलं आहे. माझा आग्रह असा की या नोंदी कंपनीच्या मालकीच्या राहू नयेत. ज्या लहरी सरकारने लिलावाने दिल्या, ज्यांच्यासाठी आमच्या जमिनीवर टॉवर उभा आहे, त्यांनी टिपलेला पाऊस मंडळातल्या प्रत्येक शेतकऱ्याला बघायला मिळाला पाहिजे. परवान्याच्या अटीत हे एक वाक्य घातलं तर विम्याच्या भांडणात शेतकऱ्याच्या हातात काहीतरी येईल.

---

मूळ_आर्वीचा

धुरकरी सरांच्या म्हणण्याला दोन मर्यादा जोडतो. दुव्यावरून मिळतो तो दोन टॉवरांमधल्या पूर्ण अंतराचा सरासरी पाऊस, एका बिंदूचा नव्हे. डिशच्या झाकणावर पाणी साचलं तरी घट दिसते, ती वजा करावी लागते. गारपिटीचा प्रश्नही वेगळा आहे, कारण कोरड्या बर्फामुळे लहरी पाण्याइतक्या क्षीण होत नाहीत. विदर्भात फेब्रुवारी-मार्चची गारपीट हे मोठं संकट असतं, तिथे हा उपाय थेट लागू पडणार नाही.

तरीही मंडळातल्या एका यंत्राला पूरक म्हणून हे फार मोलाचं आहे. विमा कंपनीनेही याला नाही म्हणायचं कारण नाही, कारण आकडा दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो.

---

टॉवरखालचा_माणूस

सगळ्यांचं वाचलं. मी टॉवरच्या देखभालीत आहो. कंपनीचं नाव नाही सांगत. जे जवळून पाहतो ते लिहितो.

गावात नेटवर्क नाही याची अर्धी कारणं रेडिओची नसतातच, लायनीची असतात. टॉवरवर ४८ व्होल्टची बॅटरी बँक असते. गावची लाईट गेली की त्यावर चालते. नवी असली तं बरी चालते, जुनी झाली की तासाभरात बसते. मग डिझेल जनरेटर, तो असला तं, अन् डिझेल असलं तं. बऱ्याच ग्रामीण साइटवर जनरेटर काढून टाकले. बॅटऱ्या चोरीले जाते हाही मोठाच प्रकार आहे. पावसाळ्यात वादळ आलं, फीडर बंद झाला, दोन दिवस लाईट नाही, तं टॉवर मेलाच समजा. अन् ज्या दिवशी लोकाईले फोनची सगळ्यात जास्त गरज असते तो दिवस हाच.

दुसरं कारण साखळीचं. आमच्या भागात टॉवर फायबरवर कमी, मायक्रोवेव्हवर जास्त. तालुक्यावरून एका टॉवरले, त्याच्यावरून पुढच्याले, असं करत जाते. मधला एक बसला की त्याच्या मागची चार-पाच गावं अंधारात. त्या गावच्या टॉवरले लाईट असते, बॅटरी असते, सगळं असते, पण पुढं रस्ताच नाही.

तिसरी गोष्ट कोणी लिहीत नाही ती काळ्या मातीची. उन्हाळ्यात आपली कपाशीची माती फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडते. टॉवरच्या अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच राहते. मग मे-जूनच्या पयल्या विजांमध्ये कार्ड जळते. खड्ड्यात पाणी टाकत राहणं एवढंच काम, पण ते करायले माणूस पाहिजे, अन् एकेका माणसाकडे साइटच एवढ्या असते का तो पुरत नाही.

५जीचे मोठे अँटेना, ते ६४ वाले, ४जीपेक्षा जास्त करंट खाते. ६जीचे आणखी बारीक अन् आणखी जास्त राहतील. तवा धुरकरी सर म्हणते ते विजेच्या तासाचं पक्कं लिहून ठेवा. सोलर अन् लिथियम बॅटरीशिवाय आमच्याकडे नवी पिढी टिकणार नाही. हे मी टॉवरखाली उभा राहून सांगतो.

---

जागल्या

टॉवरखालचे भाऊ, लाख बोलले. आमच्या गावात अशीच गत हाये. आता समजलं, लाईट असूनही रेंज का जाते ते.

---

आरोग्यसेविका_दक्षिण_गडचिरोली

मी भामरागड-एटापल्ली भागात काम केलेलं आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्तमानपत्रात दरवर्षी येतं. रस्ता तुटणं आणि फोन तुटणं एकाच वेळी झालं की आमच्या कामात काय होतं ते बाहेरच्यांना कळत नाही. अडलेल्या बाळंतिणीसाठी डॉक्टरांना दोन वाक्यं विचारायची असतात. त्यासाठी व्हिडिओ नको, वेग नको. बोलणं झालं पाहिजे, नाहीतर निदान एक मेसेज गेला पाहिजे. ई-संजीवनीवरून तज्ज्ञांचा सल्ला मिळतो ही मोठी सोय आहे, पण ती नेटवर्क असलेल्या गावासाठी.

एक चांगला बदल सांगते. सरकारी निधीतून, म्हणजे आता ज्याला डिजिटल भारत निधी म्हणतात त्यातून, उभारलेल्या ४जी टॉवरवर जानेवारी २०२५ पासून बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिघांचीही सिम चालावीत अशी सोय सुरू झाली. आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्याच्या टॉवरवर फोन लागतो. जंगलातल्या गावात तीन कंपन्यांचे तीन टॉवर कधीच येणार नाहीत. एकच येईल, तर तो सगळ्यांचा असावा. ६जीमध्ये ही गोष्ट पहिल्या दिवसापासून असावी अशी माझी विनंती आहे.

आणि सॅटेलाईटवरून थेट फोनला रेंज मिळेल असं म्हणतात, त्याबद्दल कुणी सांगाल का? आमच्यासाठी तो विषय फार जवळचा आहे.

---

मूळ_आर्वीचा

ताई, सांगतो. उपग्रहांना मोबाईलच्या नियमांत जागा थ्रीजीपीपीच्या रिलीज १७ मध्ये, २०२२ साली मिळाली. त्यापूर्वी उपग्रहाचा फोन म्हणजे वेगळं यंत्र. ६जीत जमिनीवरचा टॉवर आणि आकाशातला उपग्रह हे एकाच नेटवर्कचे दोन भाग म्हणून सुरुवातीपासून धरले जात आहेत. सर्वदूर जोडणीचा अर्थ प्रत्यक्षात बराचसा हाच आहे.

यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक, छतावर डिश बसवून उपग्रहाचं इंटरनेट. स्टारलिंकला भारतात जून २०२५ मध्ये परवाना मिळाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्याशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली आणि वाशिम यांची नावं आहेत. आरोग्य उपकेंद्र, आश्रमशाळा, ग्रामपंचायत यांच्यासाठी ते कामाचं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टॉवरखालच्या भाऊंनी सांगितलेली ती साखळी उपग्रहाने तोडता येते. टॉवरला पुढचा रस्ता थेट आकाशातून मिळाला तर मधला टॉवर बसला तरी गाव चालू राहतं.

दुसरी गोष्ट, खिशातला फोन थेट उपग्रहाशी बोलणं. यात पुन्हा तीच अडचण, फोनची ताकद २०० मिलिवॅट आणि उपग्रह काहीशे किलोमीटर वर. म्हणून सुरुवात मेसेजने होते, मग बोलणं, मग थोडाफार डेटा. मोकळ्या आकाशाखाली चालतं, दाट झाडीखाली किंवा कौलारू घरात भरवसा नाही. तुमच्या कामासाठी मेसेज पुरतो असं तुम्ही लिहिलंत, तेवढं हे तंत्र खरोखर देऊ शकेल असं मला वाटतं. अंगणात किंवा नदीकाठी मोकळ्यावर यावं लागेल.

---

चिमणी

एक प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो म्हणून विचारते. गावात टॉवर आला की बायका म्हणतात चिमण्या गेल्या, कॅन्सर होतो. आमच्या ग्रामसभेत यावरून टॉवरला विरोध झाला. आता आणखी जास्त वारंवारतेचं येणार म्हणजे आणखी भीती.

---

धुरकरी

ताई, भीती वाटणं साहजिक आहे. रेडिओ लहरींची ऊर्जा क्ष-किरणांसारखी अणूतले इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी नसते. ६जीच्या वरच्या पट्ट्यांतही नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब, आणि ती मर्यादेत ठेवण्यासाठी नियम आहेत. भारताने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. तरंग संचार या सरकारी पोर्टलवर आपल्या भागातल्या टॉवरची माहिती बघता येते, आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. ग्रामसभेत ती मोजणी मागवून सगळ्यांसमोर वाचा, बोलणं आकड्यावर येईल.

चिमण्यांचं मलाही वाईट वाटतं. मातीची घरं गेली, कौलं गेली, अंगणात धान्य वाळत घालणं गेलं, शेतात फवारणी वाढली. चिमणीला राहायला आणि पिलांना चारायला किडे कुठे उरले? टॉवर हटवून ते परत येणार नाही.

---

मोर्शीवाली

मला अजून एका गोष्टीची काळजी वाटते. टॉवर पाऊस बघू शकतो, जनावर बघू शकतो, म्हणजे माणूसही बघू शकतो. त्या माणसाच्या खिशात फोन नसला तरी. शेतात कोण कधी गेलं, रात्री कोण रस्त्यावर होतं, हे कुणाकडे साठणार? आजवर फोन घरी ठेवला की आपण मोकळे होतो.

---

मूळ_आर्वीचा

अगदी बरोबर काळजी आहे, आणि नियम लिहिणाऱ्यांमध्येही यावर चर्चा चालू आहे. आपला २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. ज्याच्याकडे सिमच नाही त्याची संमती कुठल्या बटणावर घेणार? माझं मत असं की पाऊस, पूर, वणवा आणि जनावर यापुरतंच टिपणं खुलं असावं, माणसाच्या हालचालीची नोंद टॉवरवरच पुसली जावी, पुढे जाऊच नये. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात तर हे कायद्यानेच बांधलेलं हवं.

---

जागल्या

जनावराचं निघालं म्हणून सांगतो. आमच्याकडे टिपेश्वर जवळ हाये. वाघाचं भेव नुसतं बोलाचं नाही. २०१८ ले राळेगावकडे त्या अवनी वाघिणीले गोळी घातली ते सगळ्याईले माहीत हाये, तिच्या आधी किती माणसं गेली तेही. ताडोब्याकडे सीतारामपेठले कॅमेरे लावले, वाघ गावाकडे आला का लोकाईले सूचना जाते म्हणते. असं आमच्या वावराच्या धुऱ्यावर झालं तं जागलीले जाणाऱ्या माणसाच्या घरचे रात्री झोपतील. बाईमाणूस पहाटे कापूस वेचाले जाते, तिले कोणी सांगाले पाहिजे का आज त्या बाजूनं जाऊ नको. पण सूचना येईन कशी, वावरात रेंजच नाही तं? पुन्हा गोष्ट तिथंच येते.

---

धुरकरी

जागल्या भाऊ, हेच. सूचना देणारं यंत्र कितीही हुशार असो, शेवटच्या दीड किलोमीटरवर माणसाच्या खिशातला फोन वाजला पाहिजे. विजेचंही तेच. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप वीज पडण्याची आगाऊ सूचना देतं. विदर्भात दरवर्षी शेतात वीज पडून माणसं जातात, आणि ती गावात नसतात, वावरातच असतात.

ग्रामसभेत काय मांडता येईल ते लिहून ठेवतो, ज्यांना उपयोग होईल त्यांनी घ्या. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांनुसार कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा लावावा लागतो. त्या नकाशावर आपलं गाव हिरवं आहे का बघा. हिरवं असेल आणि वावरात रेंज नसेल, तर ठरावात शेतशिवाराची नावं घालून लिहा की अमुक पांदण, अमुक टेकडी, अमुक नाल्यापलीकडे सेवा नाही. मोघम ‘नेटवर्क नाही’ लिहिलं की उत्तरही मोघम येतं. जिल्ह्यात २४ तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर गिऱ्हाइकाला भरपाई द्यायची तरतूदही त्याच नियमांत आहे. अडचण एवढीच की मोजमाप जिल्ह्याचं आहे. पाच गावं दोन दिवस बंद पडली तरी जिल्हा चालूच असतो. हे मोजमाप गावावर आणलं पाहिजे, आणि ६जीचे परवाने लिहिले जातील तेव्हा तरी ते आलंच पाहिजे. प्रत ट्रायला आणि खासदारांना पाठवा.

---

टॉवरखालचा_माणूस

सर, त्यात हेही घाला का टॉवरची बॅटरी शेवटची कधी बदलली ते साइटवर पाटीवर लिहावं. गावातल्या माणसाले दिसलं का तो विचारते. विचारलं का काम होते.

---

बाभुळगावकर

धागा उशिरा बघितला. विषयाला थोडा सोडून प्रश्न आहे. विहिरीच्या मोटरला मोबाईल स्टार्टर लावलेला आहे, सिमवाला. घरून मिसकॉल दिला की मोटर चालू होते. रात्रीच्या थ्री-फेजला थंडीत वावरात जायचं वाचतं, सापाविंचवाचं भय वाचतं. दुकानदार म्हणतो २जी बंद होणार, मग हे बंद पडेल. नवं घ्यायचं तर ५जी-६जीचं घ्यावं का थांबावं?

---

मूळ_आर्वीचा

दादा, विषयाला सोडून मुळीच नाही. ६जीमध्ये प्रचंड संख्येने लहान यंत्रं जोडायची जी गोष्ट आहे, ती तुमच्या मोटरचीच आहे.

बाजारातले बहुतेक जुने स्टार्टर २जीवर चालतात. जिओकडे २जी नाहीच, बाकीच्यांचं अजून आहे. ते बंद होईल तेव्हा एकाच वेळी अख्ख्या गावाचे स्टार्टर मुके होतील, म्हणून २जी बंद करण्याआधी शेतीच्या यंत्रांसाठी ठरावीक मुदत आणि बदलून देण्याची योजना हवी, हीसुद्धा ठरावात घालण्यासारखी मागणी आहे.

आज नवं घेत असाल तर ५जी-६जीच्या मागे लागू नका. ४जी मॉड्यूल असलेला स्टार्टर घ्या. ४जी बराच काळ टिकेल, कारण ६जी आलं तरी गावाकडे खालचा थर तोच राहणार आहे. घेताना तीन गोष्टी दुकानदाराकडून लिहून घ्या: ४जीवर कॉल आणि मेसेज दोन्ही चालतात का, ७०० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्या पकडतो का, आणि अँटेना वेगळी वायरने बाहेर काढता येते का. पत्र्याच्या पेटीत अँटेना आत राहिली तर कुठल्याच पिढीचं नेटवर्क चालणार नाही. ती पेटीबाहेर, खांबावर जितकी उंच बांधता येईल तितकी बांधा.

---

बाभुळगावकर

पेटी पत्र्याचीच आहे आणि अँटेना आतच आहे. उद्या बाहेर काढून बघतो. आभारी आहे.